वादळ आणि कॅटमरान: जी बोट कलत नाही ती सांगतही नाही

कॅटमरानवर पहिल्यांदा चढलेल्या माणसाला सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर चहा सांडत नाही हे. बाहेर बऱ्यापैकी वारा असतो, शेजारून एखादी साधी शिडाची बोट पार एका अंगावर कलून चाललेली असते, तिच्यावरचे लोक कठडा धरून बसलेले असतात आणि इकडे आपण टेबलावर कप ठेवून निवांत गप्पा मारतोय. भारी वाटतं, खोटं कशाला बोला. पण हीच गोष्ट वादळात नडते. कारण कलणं ही त्या साध्या बोटीची बोलायची पद्धत आहे, वारा वाढला की ती कलते, अजून वाढला की कठडा पाण्याला टेकतो, आत भांडी पडायला लागतात, म्हणजे ती ओरडून सांगत असते की बाबांनो शिडं उतरवा आता. कॅट (पुढे कॅटच म्हणतो, टायपायला सोपं) यातलं काही सांगत नाही. ती गप उभी राहते, राहते, राहते, आणि मग जे व्हायचं ते एकदमच होतं.

असं का होतं ते समजलं ना की वादळात काय करायचं यातलं निम्मं आपोआप समजतं, म्हणून आधी तेच.

साध्या एका हलच्या बोटीला (हल म्हणजे पाण्यात बसणारं अंग) बुडाखाली कील असते, म्हणजे शिशाचं किंवा लोखंडाचं भलंमोठं ओझं. तळाला वजन घातलेली बाहुली असते बघा, कितीही आडवी केली तरी उठून उभी राहते, तसंच. जेवढी जास्त कलते तेवढं खालचं वजन तिला जास्त जोरात परत ओढतं, आणि समुद्रासाठी बांधलेली चांगली कीलवाली बोट 110-120 अंशांपर्यंत कलंडली, म्हणजे डोलकाठी पाण्यात गेली तरी परत उभी राहते. कॅटला असलं वजन नसतंच. तिचा सगळा भरवसा रुंदीवर, दोन सडपातळ हल एकमेकांपासून लांब ठेवलेले आणि मध्ये पूल. घरातलं एखादं जड टेबल एका बाजूने उचलून बघा. सगळ्यात जास्त ताकद लागते ती पाय जमिनीवरून सुटताना. एकदा सुटले की उचलणं सोपं होत जातं, अर्ध्याच्या पुढे गेलं की टेबल आपणहून पलीकडे पडतं, आणि उलटं पडलं की तसंच आरामात पडून राहतं, परत सरळ होत नाही. कॅटचं सेम टू सेम. वाऱ्याकडचा हल पाण्यातून सुटतो त्या क्षणाला, म्हणजे साधारण 10-15 अंश कललेली असताना, तिचा विरोध सगळ्यात जास्त असतो, तिथून पुढे तो कमीच होत जातो आणि 80-90 अंशांच्या आसपास संपतो. त्यामुळे मोठ्या क्रूझिंग कॅटवर (म्हणजे शर्यतीची नाही, राहून लांब फिरायची) हल उचलला गेला म्हणजे "आता काळजी घेऊ" असं नसतं, काळजी घ्यायची वेळ आधीच होऊन गेलेली असते.

(नावाबद्दल एक, कॅटमरान हा शब्द तमिळमधल्या कट्टुमरमवरून आलाय, म्हणजे बांधलेली लाकडं. ते खरं तर ओंडके बांधून केलेले तराफे, आजच्या दोन हलच्या बोटीचं रूप जास्त करून पॉलिनेशियातल्या जोडहोड्यांशी जुळतं. नाव एकाचं, रूप दुसऱ्याचं.)

आता वाऱ्याचा हिशोब. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो, दुप्पट नाही, आणि इथेच अंदाज चुकतो. 20 नॉटचा वारा (एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किमी) एका चौरस मीटरवर ढोबळमानाने साडेसहा किलोचा दाब देतो, 40 नॉटचा 26 किलोचा. आता 60 चौरस मीटरचं मोठं शीड धरा, 400 किलोचे 1,600 किलो झाले. कीलवाली बोट यातला बराच जोर कलून सोडून देते, शीड आडवं झालं की वारा वरून निसटतो. कॅट उभीच, त्यामुळे सगळा जोर डोलकाठी, तारा, दोर यांच्यावर आणि वाऱ्याआडच्या, म्हणजे वारा येतो त्याच्या पलीकडच्या बाजूच्या हलवर.

म्हणून कॅटवर शिडं कमी करायची ती आकडा बघून, बोटीला काय वाटतंय ते बघून नाही. शीड काही टप्प्यांत खाली घेऊन लहान करतात त्याला रीफ करणं म्हणतात, आणि प्रत्येक कॅटबरोबर बनवणाऱ्याचा एक तक्ता येतो की इतक्या नॉटला पहिला रीफ, इतक्याला दुसरा. बऱ्याच क्रूझिंग कॅटवर पहिला 18-20 च्या आसपास, दुसरा 25 ला, तिसरा 30 च्या पुढे असा काहीतरी असतो, पण तुमच्या बोटीचा तक्ता काय म्हणतो तेच खरं. हा तक्ता कागदपत्रांत न ठेवता सुकाणूजवळ चिकटवून टाका, कारण रात्री दोन वाजता कोणी मॅन्युअल शोधत बसत नाही. दुसरं म्हणजे सरासरी वाऱ्याला रीफ करायचं नसतं, झोताला करायचं. सरासरी 22 असेल आणि मधूनच 30 चा झोत येत असेल तर तुमच्यासाठी वारा 30 आहे, विषय संपला. हळू जाऊ, उशीर होईल, बाकीच्या बोटी पुढे निघून जातील, जाऊ दे ना.

यात अजून एक सापळा आहे, त्यात नवखे तर सोडाच, जुने लोकही अडकतात. वारा मागून घेऊन चाललाय, खरा वारा 25 नॉट, बोट 10 ने पळतेय, तर तुमच्या चेहऱ्याला लागणारा वारा फक्त 15 चा. ऊन आहे, मजा चाललीय, टीशर्टवर बसलोय. आणि मग कोणीतरी पाण्यात पडतं किंवा समोर जहाज येतं आणि बोट वाऱ्याकडे वळवावी लागते, त्याच क्षणी तोच वारा अंगावर 30-32 चा होतो. 15 वरून 32, म्हणजे जोर साडेचार पट. शिडं मात्र 15 च्या हिशोबाने चढवलेली. म्हणून मागचा वारा घेऊन जाताना मीटरवरचा खरा वारा बघायचा आणि स्वतःला विचारायचं, आत्ता या क्षणी वळलो तर ही शिडं झेपतील का? नसतील झेपत तर आत्ताच कमी करा.

झोत आला की सुकाणू कुठे फिरवायचं हेही कॅटवर वेगळं आहे. कीलवाल्या बोटीवर हाताला सवय लागलेली असते, झोत आला की वाऱ्याकडे वळायचं, शिडातला जोर सुटतो. कॅटवर वाऱ्याच्या समोरून तिरकं वर चढत असाल तर हे बरोबर आहे. पण वारा बाजूने किंवा मागच्या अंगाने येत असेल आणि तुम्ही वेगात असाल तेव्हा वाऱ्याकडे वळणं म्हणजे आगीत तेल, कारण एक तर वर सांगितलं तसा अंगावरचा वारा वाढतो, आणि दुसरं म्हणजे वळणावर गाडीतले लोक बाहेरच्या बाजूला फेकले जातात तशी बोटही वळणाच्या बाहेर, म्हणजे नेमकी वाऱ्याआडच्या बाजूला ढकलली जाते, जिकडे ती आधीच दबलेली असते. अशा वेळी वाऱ्याबरोबर खाली वळायचं, म्हणजे पाठ करायची त्याला. आणि वारा बरोबर बाजूने असेल तर दोन्हीकडे वळण्यात धोका, तिथे एकच उपाय, शिडाचा दोर सोडणे. म्हणून खराब हवेत एक माणूस त्या दोराजवळ पाहिजे, दोर असा गुंडाळलेला पाहिजे की हाताने एका झटक्यात सुटेल. दोर अडकला होता ही आजवरच्या कितीतरी पलट्यांची साधी सरळ गोष्ट आहे.

आता वादळ. पहिलं तर सापडूच नका. हे ऐकायला फालतू वाटतं पण कॅटकडे वेग आहे, 8 नॉट धरले तरी 24 तासांत 190 सागरी मैल, दोन दिवस आधी अंदाज मिळाला तर वादळाचा गाभा टाळण्याइतकं अंतर नक्की कापता येतं. कुठल्या बाजूला पळायचं यासाठी बाइज बॅलट या डच हवामानतज्ज्ञाचा 1857 चा नियम अजून कामाला येतो: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिलात की कमी दाबाचं केंद्र, म्हणजे वादळाचा गाभा, तुमच्या उजव्या हाताला, जरासं मागे. दक्षिण गोलार्धात डाव्या हाताला. आणि चक्रीवादळ असेल तर ते ज्या दिशेने सरकतंय तिकडे तोंड केलं की उत्तर गोलार्धात त्याची उजवी बाजू जास्त वाईट, कारण तिथे वादळाचा स्वतःचा सरकण्याचा वेग वाऱ्यात मिळतो आणि वारा तुम्हाला वादळाच्या वाटेवरच ढकलतो. दक्षिणेत हे उलटं, डावी बाजू वाईट. एक मात्र, पळायचं म्हणजे किनाऱ्याकडेच असं नाही. उथळ पाण्यात आणि बंदराच्या तोंडाशी लाटा उभ्या राहून फुटतात, तिथेच जास्त बोटींचा घात होतो. वेळेत आत शिरता येत नसेल तर खोल समुद्र आणि भरपूर मोकळी जागा बरी.

कारण वाऱ्यापेक्षा खरा मारेकरी लाट आहे. तीही उंच लाट नाही, उभी लाट. लांबलचक पसरलेली आठ मीटरची लाट कॅटला लिफ्टसारखी वर नेते आणि खाली सोडते, पोटात गोळा येतो बस. पण लाटेची उंची तिच्या लांबीच्या सातव्या भागाच्या आसपास पोचली की ती तोल जाऊन फुटते, आणि फुटणारं पाणी म्हणजे घनमीटरमागे टनभर वजन तुमच्या अंगावर. वाऱ्याच्या उलट समुद्राचा प्रवाह वाहत असेल तर लाटा अशाच उभ्या होतात, म्हणून नकाशावर प्रवाह बघा. अंदाजात लाटेची जी उंची देतात ती सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते हेही लक्षात ठेवा, "4 मीटर" असं लिहिलेलं असेल तर दिवसभरात एखादी 7-8 मीटरची येणारच, त्यात त्या अंदाजवाल्यांची काही चूक नाही. ढोबळ नियम असा की फुटणाऱ्या लाटेची उंची कॅटच्या रुंदीएवढी झाली आणि ती बाजूने बसली तर बोट उलटू शकते. 12 मीटरच्या कॅटची रुंदी साडेसहा-सात मीटर असते, हिशोब तुम्हीच करा.

म्हणजे कॅट उलटायच्या वाटा तीनच. वाऱ्याने आडवी, फुटत्या लाटेने आडवी, आणि तिसरी कोलांटी. कोलांटी सगळ्यात वेगवान. वारा मागून, बोट लाटेच्या उतारावरून सुसाट घसरतेय, 15-18 नॉट, सगळे आरडाओरडा करतायत मस्त मस्त म्हणून, आणि खाली दोन लाटांच्या मधल्या घळीत नाळ (बोटीचं पुढचं टोक) समोरच्या लाटेच्या पाठीत घुसते. पुढचा भाग थांबला, मागचा नाही थांबला. बहुतेक वेळा एकच नाळ आधी घुसते आणि बोट तिच्यावरून तिरकी उलटते. म्हणून पुढच्या टोकाला वजन नको, जादा साखळ्या, नांगर, पाण्याचे कॅन सगळं मध्यावर आणि खाली. क्रूझिंग कॅट लोकांनी घराच्या माळ्यासारखी भरलेली असते, त्या वजनाने ती खाली बसते, मग मधल्या पुलाला खालून लाटा धाडधाड आपटतात आणि आतल्याला वाटतं बोट फुटली. निम्मं सामान किनाऱ्यावर ठेवता येतं, खरंच.

वादळ यायच्या आधीची तयारी हा कंटाळवाणा भाग आहे म्हणून पटकन. उलटीची गोळी आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही. गरम पाणी, सूप थर्मासमध्ये. डेकवर पुढून मागे पट्टे ताणून बांधायचे आणि बाहेर पाय टाकायच्या आधी कमरेचा हुक त्यात अडकवायचा, दिवसा पण. सगळ्या खिडक्या, झाकणं, मागचं ते मोठं काचेचं दार नीट लावलेलं. डेकवर लोंबकळणारं काही नको, एकही दोर पाण्यात लोंबत नको कारण तोच नंतर इंजिनाच्या पंख्यात अडकतो. बॅटऱ्या फुल. आणि झोप, ज्याला शक्य आहे त्याने आधीच झोपून घ्यायचं, थकलेल्या माणसाचे निर्णय लाटेपेक्षा घातक.

बरं, झालं, सापडलोच. तेव्हा काय करायचं यावर कॅटवाल्यांचे जन्मभर वाद चालतात आणि सगळे आपापल्या जागी थोडे थोडे बरोबर असतात. माझ्या मते दोनच गोष्टी पक्क्या: लाटेला कधी बाजू द्यायची नाही आणि वेग आपल्या हातात ठेवायचा. बाकी सगळं ही दोन कामं करायच्या वेगवेगळ्या पद्धती. शिडं उतरवून सुकाणू बांधून बोट आपली आपण वाहू द्यायची, ही जी पद्धत काही जण वापरायचे, ती फुटत्या लाटांमध्ये कॅटसाठी वाईटच, कारण अशी सोडलेली कॅट बहुतेक वेळा लाटेला बाजू देऊनच राहते.

जागा असेल तर पहिली पसंती वाऱ्याला पाठ करून पळायची, पण हळू. मोठं शीड पूर्ण खाली, बांधून टाका, पुढे रुमालाएवढं जिब (डोलकाठीच्या पुढचं छोटं शीड) ठेवा किंवा तेही नको. ओढ पुढून असली की बोट सरळ राहते. मोठं शीड वर असेल तर बोट सारखी वाऱ्याकडे वळायला बघते आणि चुकून शीड इकडून तिकडे गेलं तर त्याच्या खालचा आडवा दांडा डोलकाठीसकट सगळं घेऊन जाऊ शकतो. लाटा अगदी बरोबर मागून न घेता किंचित तिरक्या घ्यायच्या, 15-20 अंश, म्हणजे उतारावर तिरपं घसरता येतं आणि नाळ घळीत सरळ जाऊन रुतत नाही. पण जास्त तिरकं गेलात तर बाजू दाखवली, म्हणजे परत तेच. ऑटोपायलट 25-30 नॉटपर्यंत माणसापेक्षा छान चालवतो, पण मागे वळून लाट बघत नाही, आणि थोडी वेगळ्या दिशेने येणारी ती एक लाट माणसालाच दिसते. अर्थात रात्री माणसालाही काही दिसत नाही.

समुद्राची लाट किती वेगात असते याचा अंदाज हवा असेल तर खोल पाण्यात दोन माथ्यांमध्ये 8 सेकंद असणारी लाट जवळपास 24 नॉटने पळत असते. तुम्ही 6-7 नॉटवर असाल तर ती खालून निघून जाते. तुम्ही 16 वर असाल तर तिच्या उतारावर तुम्ही बराच वेळ राहता, आणि जेवढा वेळ उतारावर तेवढा नाळ रुतायचा चान्स. त्यामुळे शिडं सगळी उतरवूनही बोट 10 च्या वर पळायला लागली की मागे काहीतरी ओढत न्यायची वेळ आली.

सगळ्यात साधं म्हणजे जाड दोराचा मोठा फास, एक टोक एका हलच्या मागच्या कोपऱ्याला, दुसरं दुसऱ्या हलच्या, मध्ये साखळी किंवा नांगर अडकवून. याने वेग उतरतो आणि बोटीचं मागचं अंग लाटेकडे राहतं. याची पुढची पायरी ड्रोग, पाण्यात ओढायची छत्रीच म्हणा. त्यात जॉर्डन सिरीज ड्रोग मला स्वतःला सगळ्यात पटतो. डोनाल्ड जॉर्डन नावाच्या अमेरिकन विमान-इंजिनियरने तो काढला, 1979 च्या फास्टनेट नावाच्या शिडबोटींच्या शर्यतीतल्या वादळानंतर, ज्यात 15 स्पर्धक दगावले, आणि अमेरिकेच्या कोस्ट गार्डने त्याच्या चाचण्यांचा अहवाल 1987 मध्ये छापला. आयडिया अशी की एका मोठ्या छत्रीऐवजी लांब दोरावर शंभराहून जास्त छोटे छोटे कापडी शंकू, टोकाला वजन. मोठी एकच छत्री लाटेच्या माथ्यावर पाण्याबाहेर निघाली की पकड एकदम सुटते, आणि नेमकी तेव्हाच लाट तुम्हाला ढकलत असते. शंकूंमधले काही बाहेर आले तरी बाकीचे खोल पाण्यात असतातच, त्यामुळे धक्का न बसता रबरासारखी ओढ लागते. यावर येणारा भार बोटीच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त जाऊ शकतो, म्हणून दोन्ही कोपऱ्यांना खास पट्ट्या बोल्टने बसवलेल्या पाहिजेत, नेहमीचे खुंटे उपटून निघतील. तोटे पण आहेत, मागून येणारी लाट कधीकधी सरळ कॉकपिटमध्ये (मागची बसायची उघडी जागा) येते, त्यामुळे ते काचेचं दार मजबूत हवं, आणि वादळ संपल्यावर हे सगळं परत ओढून घ्यायला घाम निघतो, तासन्‌तास जातात.

मागे जागाच नसेल, म्हणजे किनारा किंवा खडक असतील, तर उलटा प्रकार, सी अँकर. हे मोठं पॅराशूट नाळेकडून पाण्यात सोडायचं, दोन्ही नाळांना दोराचे दोन लांब हात, दोन हलमधल्या अंतराच्या दुपटीहून लांब, आणि पुढे नायलॉनचा दोर बोटीच्या लांबीच्या कमीत कमी दहापट, 12 मीटरच्या बोटीला 120 मीटर, अजून जास्त असेल तर उत्तम. नायलॉनच का, तर तो ताणतो आणि झटका खाऊन टाकतो. कॅटचा इथे फायदा होतो, दोन नाळा लांब लांब असल्यामुळे ती तोंड लाटेकडे धरून बऱ्यापैकी शांत राहते, कीलवाल्या बोटीसारखी इकडून तिकडे भटकत नाही. पण प्रत्येक लाटेला बोट थोडी मागे ढकलली जाते आणि सुकाणूच्या पात्यांवर पाणी उलटं आपटतं, म्हणून सुकाणू बरोबर मध्ये घट्ट बांधून टाका, नाहीतर मोडलंच. आणि दोर जिथे घासतो तिथे जाड रबरी पाइप चढवा, तासा-दोन तासांनी बघत राहा. सी अँकर गेले त्यातले बरेचसे फाटून नाही, दोर घासून तुटून गेलेत.

मधला मार्ग म्हणजे तिसरा रीफ घेतलेलं मोठं शीड आणि वाऱ्याआडचं इंजिन हळू चालू ठेवून लाटांना तिरकं तोंड देत 2-3 नॉटने पुढे सरकत राहणं. जास्तीत जास्त अर्ध्या दिवसाच्या वादळाला हे पुष्कळ होतं. पण भर वादळात हे चालणार नाही, लाटा फुटायला लागल्या की यातून बाहेर पडा.

काही कॅटना छोट्या पक्क्या कील असतात, त्यात ते तळाचं ओझं नसतं, आणि काहींना त्यांच्या जागी डॅगरबोर्ड असतात, वर-खाली करता येणाऱ्या फळ्या. वादळात त्या वर ओढून घ्या. ऐकून उलटं वाटतं, पण खाली सोडलेली फळी पाण्याला धरून ठेवते आणि बाजूने लाट बसली की बोट त्या फळीला अडखळून पडते, पळताना पायात दोरी आल्यासारखी. फळी वर असेल तर बोट पाण्यावरून बाजूला सरकते, लाटेचा जोर त्यात जिरतो. नाळ लाटांकडे करून वर चढत असाल तेव्हा थोडी लागते, वाऱ्याकडची जरा ठेवा, वाऱ्याआडची वर. ज्यांच्या कॅटला छोट्या पक्क्या कील आहेत त्यांना हा प्रश्नच नाही.

सुकाणू मोडणं हेही कायम होतं, त्यावर कॅटकडे एक देणगी आहे. दोन इंजिनं, लांब लांब बसवलेली, एक पुढे एक मागे चालवून बोट जागच्या जागी फिरते. ड्रोगचे दोन दोर कमी-जास्त खेचूनही दिशा थोडी बदलता येते. हे एकदा शांत हवेत करून बघितलेलं असलं पाहिजे.

आणि तरीही उलटली तर? तर सहसा बुडत नाही. वजनदार कील नाही म्हणजे तिला खाली खेचणारं ओझं नाही, बांधकामात फोम, कप्प्यांत हवा, ती उलटी तरंगत राहते. माणसं राहण्याजोग्या कॅटसाठी आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 12217 मध्ये हे धरूनच नियम आहेत, उलटी झाल्यावर तरंगली पाहिजे आणि बाहेर पडायला झाकण पाहिजे. ते झाकण हलच्या कडेला खाली असतं, बोट सरळ असताना पाण्याच्या जवळ, उलटी झाली की वर. आत राहताना फुगणारं ऑटोमॅटिक लाइफ जॅकेट घालू नका, पाणी आत आलं की ते आपोआप फुगतं आणि तुम्हाला छताला, म्हणजे आता जे वर आहे त्याला दाबून धरतं, बुडी मारून दारापर्यंत जाताच येत नाही. आत असताना हाताने फुगवायचं जॅकेट. चाकू, टॉर्च, 406 मेगाहर्ट्‌झचा नोंदणी केलेला ईपर्ब (उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवणारं यंत्र), पाण्यातही चालणारा हातातला व्हीएचएफ रेडिओ, दोर, हे सगळं त्या झाकणाजवळच्या पिशवीत पाहिजे, कारण उलट्या बोटीत बाकी कुठलाच कप्पा जागेवर सापडत नाही. बोटीचं नाव खालच्या बाजूला लिहा, थोडा भडक केशरी रंग मारा. विमानातून पांढऱ्या फेसात पांढरी बोट दिसत नाही.

आणि बोट सोडू नका. फास्टनेटमध्ये 303 बोटी निघाल्या होत्या, त्यातल्या 24 बोटी त्यांच्या लोकांनी सोडून दिल्या, आणि या 24 पैकी बुडाल्या फक्त 5. 1994 च्या जूनमध्ये न्यूझीलंड आणि टोंगाच्या मधल्या वादळात 38 फुटी रामथा नावाची कॅट सुकाणू गेल्यामुळे तिच्या लोकांना सोडावी लागली, त्यांना नौदलाच्या जहाजाने उचललं, आणि ती कॅट नंतर सरळ तरंगत सापडली. रामथाचे लोक सुटले ते बरंच झालं, पण जीव वाचवायच्या फुगवायच्या तराफ्यात उडी मारायची ती बोट खरंच पायाखालून जात असेल तेव्हा. उलटी बोटसुद्धा तराफ्यापेक्षा मोठी, उंच, सहज दिसणारी असते. रोझ-नोएल हे याचं टोकाचं उदाहरण, ती तीन हलची म्हणजे ट्रायमरान, पण गोष्ट तीच. 4 जून 1989 ला न्यूझीलंडजवळ उलटली, आतले चौघं 119 दिवस त्या उलट्या हलमध्ये आणि हलवर राहिले, पावसाचं पाणी साठवलं, मासे पकडले आणि 30 सप्टेंबरला बोटीसकट ग्रेट बॅरिअर बेटावर जाऊन लागले.

वारा उतरल्यावरचे तीन-चार तास मात्र विसरतात लोक. वारा 45 वरून 20 वर येतो, लाटा तशाच असतात, आणि शिडं नसल्यामुळे बोटीला पाण्यातून ढकलणारं काही उरत नाही, ती थांबते आणि फिरून लाटेला बाजू देते. तेव्हा थोडं शीड परत वर चढवा, निदान चाल राहील एवढं. इंजिन चालू करायच्या आधी दोन्ही बाजूंनी वाकून बघा, दोर पाण्यात लोंबत नाहीत ना. मग तारा, पिना, सुकाणूचे सांधे, हल आणि पूल जिथे जुळतात तिथल्या कडा, टॉर्च मारून हात फिरवून बघा, नवीन बारीक चिरा असतील तर तिथे पेनने तारीख लिहून ठेवा, म्हणजे उद्या बघताना कळेल की ती चीर वाढलीय का.